आयर्विनला किती?

मे महिन्यातली बैठक होती. सांगलीत मे म्हणजे दुपारी बारानंतर भिंतीला पाठ टेकवत नाही. पावसाळापूर्व तयारीची ही बैठक दरवर्षी होते. दरवर्षी होड्या मोजल्या जातात, लाइफ जॅकेटं मोजली जातात, कुठल्या शाळेत किती माणसं मावतील याची यादी वाचली जाते. त्या यादीनंतर आणि चहाच्या आधी एका तरुण संशोधिकेला दहा मिनिटं दिली होती. कृष्णेच्या पुराचं मॉडेल तिनं तीन वर्षं खपून केलेलं. स्लाइड बावीस. नवव्या स्लाइडवर नकाशा आला आणि खोली जरा सरसावून बसली, कारण नकाशात प्रत्येकजण आधी आपलं घर शोधतो. निळ्या रंगाच्या सहा छटा, कुठे अर्धा मीटर, कुठे तीन मीटर, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात विसर्ग, घनमीटर प्रतिसेकंद. मागच्या रांगेतून नदीकाठच्या एका गावचे वयस्कर शेतकरी उठले. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मॅडम, नकाशा लई चांगला केलाय. पण आयर्विन पुलाला किती फूट झाल्यावर माझ्या गोठ्यात पाणी येतंय, तेवढं सांगा की."

ती थांबली. लॅपटॉपवर काहीतरी पुढेमागे केलं. "काका, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं," एवढंच म्हणाली. काका "बरं" म्हणून खाली बसले. मधल्या खुर्चीवरचे साहेब सौजन्यानं बोलले, "छान काम आहे. अहवाल पाठवून द्या." आणि चहा आला.

अहवाल पाठवून द्या.

सरकारी कचेऱ्यांत ज्यांच्या चपला झिजल्या आहेत त्यांना हे वाक्य बरोबर कळतं. त्यात राग नसतो, नकार नसतो. चूल विझल्यावर पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणावं, तसं ते असतं. अहवाल खरोखर पाठवला जातो. दीडशे पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. बारनिशीत त्याची नोंद होते, आवक क्रमांक पडतो, आणि मग तो कपाटाच्या आत नव्हे, वर जातो, कारण आत जागा नसते. ऑगस्टमध्ये पूर येतो तेव्हा तो अहवाल मात्र कोरडा राहतो. पण त्या दुपारी मनाला लागलं ते काकांचं खाली बसणं. त्या खोलीत विज्ञानाला कुणाचाच विरोध नव्हता. काका तर विज्ञानच मागत होते, फक्त स्वतःच्या मापात.

सांगलीचं माप म्हणजे आयर्विन पूल. १९२९ सालचा हा पूल, त्याच्यावरची पाणीपातळी फुटांत. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाऊस लागला की पुण्या-मुंबईतून येणाऱ्या फोनवर खुशालीआधी एकच प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" आकडा कळला की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरकडची माणसं सामान उचलायचं की नाही ते ठरवतात. आणि याच पाण्याबद्दल बाकीचे काय बोलतात बघा. धरणातला साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, घाटावरचा पाऊस मिलिमीटरमध्ये, संशोधकाचं सगळं घनमीटरमध्ये. यातला बराचसा भाग साध्या गुणाकाराचा आहे. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. एक टीएमसी पाणी चोवीस तासांत काढायचं तर सुमारे ११,५७४ क्युसेक सोडावं लागतं. म्हणजे एक लाख क्युसेक दिवसभर चाललं तर ८.६४ टीएमसी गेलं, १०५ टीएमसीच्या कोयनेचा साधारण बारावा हिस्सा. एवढं गणित बातमीच्या तळाशी छापलं तरी निम्मी घबराट आणि निम्मा गाफीलपणा कमी होईल.

क्युसेकचे फूट मात्र गुणाकारानं होत नाहीत. ती पोरगी अडखळली ती अज्ञानानं नव्हे, जास्त ठाऊक असल्यामुळे. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा भरून चालली असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकायला जागा मिळत नाही, ते मागे फुगतं. कोयनेतून तेवढंच पाणी सुटलं, पण वारणा शांत असताना पुलाला एक आकडा दिसेल आणि वारणा चढलेली असताना दुसरा. पूर चढताना आणि उतरताना एकाच फुटाला वेगवेगळा विसर्ग असतो, चढत्या पाण्याला ओढ जास्त असते. गाव पुलाच्या वरच्या अंगाला असेल तर नदीचा उतार जमेस धरावा लागतो. पुलावर पंचेचाळीस म्हणजे गावात पंचेचाळीस, असं नसतं. आणि मोजपट्टीचं शून्य कुठे धरलंय हे तपासल्याशिवाय समुद्रसपाटीपासूनच्या मीटरचे फूट करणं तर घातच. हे सगळं डोक्यात एकदम आलं की माणूस 'बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं' म्हणतो. वाक्य शंभर टक्के खरं. गोठ्याच्या मालकाला त्याचा उपयोग शून्य.

मग उपयोगाचं काय, आणि ते करायचं कसं? लेव्हलिंगचं यंत्र आणि पट्टी घेऊन गावात जायचं. आधी गावाला येणाऱ्या रस्त्यावरची सगळ्यात खोलगट जागा, मग पाणवठ्याची पायरी, गोठे, शाळेचा उंबरा, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, या सगळ्यांच्या उंच्या एकाच आधारबिंदूला बांधून घ्यायच्या. मग २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा शोधायच्या. प्रत्येक खुणेला दोन वेगवेगळ्या घरांतली साक्ष घ्यायची, कारण माणसं पुराची उंची वाढवून सांगतात आणि तारीख विसरतात. भिंतीवरची गाळाची रेघ बहुधा खरी पातळी दाखवते, छपरात अडकलेला पालापाचोळा लाटेनं वर गेलेला असू शकतो. त्या खुणांशी मॉडेल ताडून बघायचं आणि ते किती चुकतं ते फुटांत लिहायचं. एवढं झालं की लक्षात येतं, प्रश्नच थोडा बदलायला हवा होता. गोठ्यात पाणी येण्याच्या कितीतरी आधी रस्ता जातो. रस्ता गेला की कोरडा गोठासुद्धा बेटावर असतो. म्हणजे निर्णयाचा आकडा रस्त्याचा, आणि त्यातूनही जनावरं हलवायला लागणारे तास वजा करून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पाण्यानं वेढल्यावर होडीतून निघावं लागलं की काय होतं, ते या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

खुणांचं निघालंच आहे तर थोडं थांबू. सांगलीतल्या जुन्या पेठांत दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मारलेली रेघ आणि बाजूला '२००५' असं दिसतं. त्या साली आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. पुढची चौदा वर्षं ती रेघ हाच शहराचा पुरावा होता. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा कितीतरी जणांनी माल उचलला, पण त्या रेघेच्या हातभर वर ठेवला आणि कुलूप लावून गेले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. परत आल्यावर हळदीच्या पोत्यांचा, भिजलेल्या वह्यांचा, धान्याचा जो वास होता तो महिनाभर गेला नाही. रेघ खोटी नव्हती. एका वर्षाची ती अगदी अचूक नोंद होती. चूक एवढीच झाली की झालेल्याची खूण होऊ शकणाऱ्याची मर्यादा समजली गेली. आणि ही चूक फक्त पेठेतल्या माणसाची नाही. संशोधकसुद्धा हातातल्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून वक्र काढतो आणि त्याच्या टोकाला फार विश्वासानं उभा राहतो.

त्यातच ते 'शंभर वर्षांतून एकदा' येतं. पूररेषा दोन आखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा शब्दप्रयोग ज्यानं मराठीत आणला त्यानं नकळत फार नुकसान केलं. ऐकणाऱ्याला वाटतं, २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचं. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा ५४ च्या पुढे. खरा अर्थ असा, की लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक आणि निळ्या रेषेपर्यंत शंभरात चार, आणि मागच्या वर्षी काय झालं ते नदी लक्षात ठेवत नाही. हेच घराच्या भाषेत सांगा. वीस वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेच्या आत घर घेतलं, तर कर्ज फिटायच्या आत निदान एकदा उंबऱ्याला पाणी लागण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. लाल रेषेवर असाल तर १८. छप्पन्न टक्के म्हटल्यावर समोरचा गप्प होतो, हप्ता आठवतो, मग बायकोकडे बघतो. 'पंचवीस वर्षांतून एकदा' म्हटल्यावर तो मान डोलावतो आणि बुकिंग करतो. आकडा दोन्हीकडे तोच आहे.

आता सरकारी बाजू. धोरण हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात ते एका कार्यालयीन टिप्पणीत जन्माला येतं, आणि ती टिप्पणी लिहिणारा माणूस साहेब नसतो, टेबलावरचा लिपिक किंवा अव्वल कारकून असतो. टिप्पणीची घडण ठरलेली आहे: विषय, संदर्भ, पार्श्वभूमी, प्रस्ताव, कोणत्या नियमानं कुणाला अधिकार, किती खर्च, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि शेवटी 'मान्यतेस्तव सादर'. संशोधकाचा कागद याच क्रमानं असला तर तो जसाच्या तसा टिप्पणीत उतरतो. नसला तर टेबलावरच्या माणसानं दीडशे पानं वाचून, समजून, त्यातून हे आठ मुद्दे काढावेत अशी अपेक्षा आपण करतो. त्याच्या समोर त्या दिवशी सातबाराच्या दुरुस्त्या, दोन माहिती अधिकाराचे अर्ज आणि विधिमंडळाचा एक तारांकित प्रश्न असतो, ज्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत जायचं असतं. लेखाशीर्षाचं नाव काढलं की बहुतेक संशोधक कंटाळतात. पण पैसा कुठल्या खिशातून निघणार ते लिहिलेलं नसेल, तर बाकीचं सगळं भजनासारखं, ऐकायला गोड.

वेळेचंही तसंच. मेच्या बैठकीत नवी कल्पना मांडणं म्हणजे वऱ्हाड निघाल्यावर पत्रिका जुळवणं. जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे पावसाळा संपला की हलायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत जिल्हा नियोजन समितीत रंगतात, नंतर राज्यस्तरावर जातात. मार्चमध्ये सगळ्यांना एकच घाई असते, ३१ तारखेच्या आत निधी खर्ची टाकायची. त्या महिन्यात नव्या अभ्यासाला कोण बघणार? वर्षभरात उरलेल्या फटी म्हणजे पुरवणी मागण्या, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनाच्या. म्हणून पुराचा कागद पूर ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांत, भिंतीवरची ओल अजून दिसत असताना टेबलावर पोचलेला बरा. मेमध्ये फक्त आठवण करून द्यायची.

आणि कुणाच्या टेबलावर? हा तर सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. तिच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही ते महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण बघतं. माणसं हलवायचा निर्णय २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. धरणाचे दरवाजे पुन्हा जलसंपदाच्याच, पण धरणावरच्या निराळ्या कार्यालयाच्या हातात. आणि माणसं ज्या शाळेत न्यायची तिची किल्ली मुख्याध्यापकांकडे, जे शनिवारी गावाला गेलेले असतात. 'शासनानं पावलं उचलावीत' हे वाक्य अहवालाच्या शेवटी लिहिणाऱ्याला यातलं कोणतं पाऊल म्हणायचंय? एकेका खात्याला एकेक पान, त्याच्या अधिकारातलंच, असं लिहिलं तर चार पानांचं काम होतं आणि ती चार पानं दीडशे पानांना भारी पडतात. ब्रिटिश संसदेत १९८९ पासून खासदारांसाठी विज्ञानाची टिपणं काढणारं एक कार्यालय आहे, त्यांचं नेहमीचं टिपणही चार पानांचंच. चार पानांत मावत नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा आईला फोनवर आपलं संशोधन सांगून बघावं.

साहेब बदलतात, साधारण तीन वर्षांत, कधी आठ महिन्यांत. ज्यांना सगळं पटलं होतं ते गडचिरोलीला जातात आणि नवे येतात ते पहिल्यापासून विचारतात. म्हणून तोंडी पटवणं पाण्यावर लिहिल्यासारखं. कागदावर आवक क्रमांक घ्यायचा, पोच घ्यायची, आणि टेबलावरच्या माणसाशी ओळख ठेवायची. कुठल्या सालात कुठल्या गावानं स्थलांतराला नकार दिला होता ते त्यालाच आठवतं. त्याला नीट समजावून सांगणं हे खालच्या दर्जाचं काम आहे असं वाटणारे विद्वान जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांचे अहवाल कपाटावर आहेत.

हे सगळं करायचं कुणी, या प्रश्नाला उत्तर नाही. संशोधकाला बढती मिळते ती शोधनिबंधांवर, अव्वल कारकुनाशी चांगली ओळख असल्याबद्दल नाही. अधिकाऱ्याला शोधनिबंध वाचायला सवड नाही. मधल्या माणसाला, जो दोघांच्या भाषा जाणतो, त्याला ना पद ना पगार. कधी ते काम एखादा निवृत्त अभियंता करतो, कधी एखादा पत्रकार, कधी संस्थेतली एखादी कार्यकर्ती. आणि त्या मधल्या माणसाला दोन्हीकडून फूस असते. अधिकारी म्हणतो, एकच आकडा द्या. संशोधक म्हणतो, सगळ्या अटी लिहा. पहिल्याचं ऐकलं तर खोटी खात्री विकली जाते, दुसऱ्याचं ऐकलं तर कागद कुणी वाचत नाही.

शिरोळ-मिरज-वाळवा-पलूसच्या काळ्या रानात याचा आणखी एक नमुना आहे. उसाला पाटानं पाणी देऊन देऊन जमिनी फुटल्या, क्षार वर येऊन पांढऱ्या पडल्या. उपाय शास्त्राला कधीपासून ठाऊक आहे. मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा. प्रयोगाच्या प्लॉटवर तो हमखास यशस्वी होतो, ऊस पुन्हा उभा राहतो, फोटो निघतात. पण प्लॉटला शेजारी नसतो. खऱ्या रानात निचऱ्याचं पाणी खालच्याच्या बांधावर जातं, मुख्य पाइप तिसऱ्याच्या रानातून न्यावा लागतो, आणि नाला गाळानं भरलेला असेल तर सगळी मेहनत उलटी फिरते. म्हणजे 'पाइपनं जमीन सुधारते का' याचा पुरावा भक्कम, आणि 'पन्नास खातेदार एका पाइपवर एकत्र राहतात का' याचा अभ्यास फारसा नाही. धोरणाला दुसरा हवा असतो. जिप्समचंही असंच. जमिनीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर पण विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर ती क्षारयुक्त. तिला निचरा आणि गोडं पाणी पुरतं, जिप्सम वाया जातं. सोडियम १५ च्या वर गेलं, सामू (पीएच) साडेआठच्या पुढे गेला की ती चोपण, तिथं जिप्सम लागतं. त्यातही प्रयोगशाळेनं वाहकता एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणात मोजली असेल आणि निकष संपृक्त अर्काचा लावला, तर खराब रान कागदावर चांगलं ठरतं. एका तळटीपेचा फरक. तळटीप कोण वाचतं?

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव या भागात काढलं की चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. २०१९ नंतर शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीच्या फुगवट्यावर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. ते कित्येकांना पटलं नाही, आजही पटत नाही. न पटण्यात नुसता हट्ट आहे असं मला वाटत नाही. घर बुडालेल्या माणसाला कारण समोर दिसणारं हवं असतं, आणि परराज्यातलं धरण हे आपल्याच गल्लीतल्या भरावापेक्षा सोयीचं कारण आहे. पण इथं दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. २०१९ चा पूर अलमट्टीमुळे आला का, हा एक. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेली तर पुढे पूर वाढेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप 'नाही' होत नाही, आणि दुसऱ्याची भीती खरी असली म्हणून पहिल्याचं उत्तर फिरवता येत नाही. एवढं साधं वेगळेपण सभेत मांडायला गेलं की दोन्ही बाजूंना माणूस विकला गेल्यासारखा वाटतो. तरी मांडावं लागतं. दुसऱ्या प्रश्नाला निराळा अभ्यास लागतो, निराळी गृहीतकं लागतात, आणि ती गृहीतकं वाचता येतील अशा मराठीत लागतात.

मराठीचा मुद्दा सातारकरांना जास्त कळावा. पश्चिम घाटाचा गाडगीळ समितीचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्राला सादर झाला. लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, माहिती अधिकारातून आणि न्यायालयापर्यंत भांडण गेल्यावर. आला तो जाडजूड आणि इंग्रजीत. गंमत अशी की कुठे किती संरक्षण हवं ते ग्रामसभांना विचारून ठरवा, असं त्याच अहवालात म्हटलं होतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यांत अहवाल पोचण्याआधी त्याच्याबद्दलच्या अफवा पोचल्या. कौल बदलता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, वगैरे. मग २०१३ ला कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, मार्च २०१४ पासून घाटातल्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघत राहिल्या, सहावी ३१ जुलै २०२४ ला. दर वेळी हरकती-सूचनांना साठ दिवस. साठ दिवसांत, तेही कोयनेच्या पावसात वीज नसताना, दुसऱ्या भाषेतला मसुदा वाचून हरकत कोण लिहिणार? ज्याचा वकील आहे तो.

उलटं उदाहरणही याच मातीत आहे, म्हणून फार खिन्न होववत नाही. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेकाठच्या दुष्काळी गावांनी मुक्ती संघर्षाच्या चळवळीत आधी प्रश्नच वेगळा विचारला. पाऊस कमी म्हणून दुष्काळ, की पाण्याचा आणि वाळूचा हिशेब चुकला म्हणून? नदीतली वाळू ट्रक भरभरून जात होती आणि विहिरी खाली चालल्या होत्या. गावकरी, शिकलेली पोरं आणि बाहेरून आलेले अभियंते यांनी मिळून मोजमापं केली, मग शासनाशी भांडून, थोडी वाळू स्वतःच विकून त्या पैशावर बळीराजा धरण उभं केलं. पाणी कुणाला किती, याचा नियमही त्यांनीच बसवला, जमीन असो-नसो माणशी वाटा. तिथं अहवाल कुणी कुणाला पाठवला नाही. मोजणारे आणि मागणारे एकच होते. प्रत्येक विषयात हे जमत नाही, पुराचं मॉडेल गावच्या पारावर होत नाही. पण निदान पट्टी धरायला गावचा माणूस असला की आकडा गावाचा होतो.

ती संशोधिका जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या काकांच्या गावात गेली. लेव्हलिंगची पट्टी काकांच्या नातवानं धरली, तीसुद्धा वाकडी, दोनदा ओरडा खाऊन सरळ केली. गोठ्याच्या भिंतीवर २००५ ची रेघ होती. २०१९ ची त्याच्या पार वर, तुळईजवळ, कोळशानं मारलेली. सगळं मोजून झाल्यावर काकूंनी ताक दिलं, आणि ओट्यावर बसून तिनं एका कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे आयर्विनचे फूट, उजवीकडे गावातलं ठिकाण. काकांनी चष्मा लावून वरून खाली वाचलं. ओढ्यावरचा फरशी पूल त्यांच्या गोठ्याच्या चांगला चार फूट आधी बुडत होता.

"म्हंजे गोठ्याचं सोडा. फरशीचं बघायचं."

"हो काका."

"आणि वारणा चढली असंल तर?"

"तर पुलाचा आकडा थोडा कमी असतानाच फरशी जाईल. एक फूट. फार तर दोन."

काका थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग दोनच लिवा."

तिनं पेन काढलं, आधीचा आकडा खोडला आणि वर नवा लिहिला.